जुनी मियाटा आणि कॅनडातला हिवाळा: तयारी, चालवणं आणि घसरली तर सावरणं

मझदा एमएक्स-५, म्हणजे इकडे सगळे जिला मियाटा म्हणतात ती दोन सीटची उघडी गाडी, हिवाळ्यात चालवता येते का? टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींत हा विषय दर ऑक्टोबरात निघतोच. बहुतेकांचं मत ठरलेलं असतं: इंजिनची ढकल मागच्या चाकांना, वजन नाही, जमिनीला चिकटून चालणारी गाडी, बर्फात ती गोल फिरणार. माझं उत्तर असं की चालवता येते, आणि चांगले टायर असतील तर गुळगुळीत ऑल-सीझन टायरवरच्या एखाद्या मोठ्या एसयूव्हीपेक्षा ती आधी थांबते आणि नीट वळते. खरी काळजी बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाची, कारण त्याने पत्रा गंजतो. गाडी घसरू न देणं शिकता येतं, पण सडलेला पत्रा शिकून परत येत नाही. म्हणून या लेखात चालवण्याइतकीच जागा गंजाला दिली आहे.

हे सगळं पहिल्या दोन पिढ्यांबद्दल आहे: १९८९ ते १९९७ची एनए, म्हणजे दिवे वर येणारी, आणि १९९८ ते २००५ची एनबी. एनएमध्ये घसरण सांभाळणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. नशीब असेल तर एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असते, तीही सगळ्यांत नाही. अमेरिका-कॅनडात नव्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल २०११च्या सप्टेंबरपासून सक्तीचं झालं, त्यामुळे ज्यांनी त्यानंतरच्याच गाड्या चालवल्या आहेत त्यांना आपल्या चुका आजवर कोण झाकत होतं हे या गाडीत पहिल्याच बर्फात कळतं. जुनी बीएमडब्ल्यू ई३६, झेड३, पोर्शे ९४४ वगैरे असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी ठरवा, ही गाडी काढायची का

गाडीखाली शिरून बघा. एनए आणि एनबी दोन्हींची दुखरी जागा म्हणजे मागच्या चाकाच्या लगेच पुढचा सिल, दाराखालची ती पेटीसारखी पट्टी. तिथे रंगाला फोड आलेला दिसला तर समजा की गंज आतून बाहेर आलाय आणि आतला थर आधीच गेलाय. एनबीत आणखी एक जागा बघायची: पुढे इंजिनच्या दोन्ही बाजूंनी जाणारे चेसिसचे दांडे. बाहेरून ठीक दिसतात आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की बद्द आवाज येतो. हे दांडे अपघातात भार घेतात, त्यामुळे तिथे तसा बद्द आवाज आला तर हिवाळा सोडाच, उन्हाळ्यातही आधी वेल्डिंग.

गाडी एकदम स्वच्छ असेल, कधी मीठ न पाहिलेली, तर माझा स्पष्ट सल्ला: ती ठेवून द्या. अशा एनए आता फार उरलेल्या नाहीत आणि दोन हिवाळ्यांत तिचं जे होईल ते भरून निघत नाही. हिवाळ्यासाठी योग्य गाडी म्हणजे थोडी गंजलेली, ठिगळं लागलेली, पण दांडे आणि ब्रेकच्या नळ्या शाबूत असलेली. तिच्यावर जीव कमी असतो, आणि तेच हवं.

टायर

एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर टायरवर करा. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, आणि शून्याखाली त्याची पकड जवळजवळ जाते. रस्ता कोरडा असला तरीही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल तोच खरा हिवाळी टायर. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं पुरेसं नाही.

चारही चाकांना घाला. ढकल मागे आहे म्हणून मागेच दोन घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची गाडी निघते झकास, आणि पहिल्या सिग्नलला सरळ पुढे जाते, कारण वळवणं आणि बहुतांश ब्रेकिंग पुढची चाकं करतात.

माप शक्य तितकं अरुंद ठेवा. अरुंद टायर बर्फाचा थर कापून खालपर्यंत पोचतो, रुंद टायर त्यावर तरंगतो. एनएचं मूळ माप १८५/६० आर १४. ते मिळालं नाही तर १७५/६५ आर १४ जवळजवळ तेवढ्याच उंचीचा असतो आणि थोडा अरुंदही. एनबीला १९५/५० आर १५ असेल तर १८५/६० आर १४ हिशेबात बसतो, फक्त मोठ्या ब्रेकच्या एनबीवर १४ इंची रिम कॅलिपरला अडते, म्हणून विकत घेण्याआधी बसवून बघा. चाकाच्या बोल्टची मांडणी दोन्हींना ४ बाय १००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट, त्यामुळे जुन्या लोखंडी रिम स्वस्तात मिळतात. वेगळ्या रिमवर हिवाळी टायर कायमचे चढवून ठेवले की दर मोसमाला टायर काढ-घाल करायचा खर्च वाचतो आणि चांगल्या अलॉय रिम मिठापासून सुटतात.

वापरलेले घेत असाल तर टायरच्या नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या वर हवी. टायरच्या बाजूला डॉट अक्षरांच्या रांगेत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: ३८१९ म्हणजे २०१९चा अडतिसावा आठवडा. खोली भरपूर आणि रबर दहा वर्षांचं, असा टायर नखाने दाबून बघा. नख रुतत नसेल तर तो बर्फावर लाकडी चाकासारखा चालतो.

हवेचा दाब थंडीत आपोआप उतरतो, दर साडेपाच अंशांना अंदाजे १ पीएसआय. एनएच्या दारावर २६ पीएसआय लिहिलेलं असतं. गॅरेजवाले सवयीने ३३-३५ भरून देतात, तेवढं हलक्या गाडीला जास्त होतं. चाकांचे नट ९० ते ११५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळा आणि ८०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

कायद्याचं थोडक्यात: क्युबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ओंटारियोत सक्ती नाही, पण १ जानेवारी २०१६पासून इथल्या विमा कंपन्यांना हिवाळी टायरसाठी सवलत द्यावी लागते. फोन करून मागा, आपणहून कोणी देत नाही.

ऑक्टोबरातली कामं: भोकं, तेल, बोल्ट

पहिलं काम पाणी जाण्याची भोकं मोकळी करणं. टपावरून घरंगळलेलं पाणी मागच्या कडेच्या पन्हाळीत जमतं, सीटबेल्टच्या खांबापाशी असलेल्या नळीतून खाली उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे सिलजवळ बाहेर पडतं. या नळीत पानं, माती, टपाचा भुगा साचतो. मग पाणी सिलमध्ये मुरतं, किंवा सीटमागच्या गालिच्यात. सिल का सडतो याचं अर्धं उत्तर ही तुंबलेली नळी आहे, उरलेलं अर्धं बाहेरून उडणारं मीठ. जाड नायलॉनची लवचीक दोरी किंवा गवत कापायच्या वीडव्हॅकरची प्लॅस्टिकची तार वरून हलकेच घाला. टोकदार लोखंडी तार नको, नळी फाटते. मग बाटलीभर पाणी ओता आणि खाली धार येते का बघा. धार दोन्ही बाजूंनी सारखी यायला हवी.

दुसरं काम तेलाची फवारणी. गाडी खालून धुवून पूर्ण वाळू द्या, दोन-तीन कोरडे दिवस बघून ठेवा. मग सिलमध्ये, दारांच्या खालच्या कडेत, डिक्कीच्या कोपऱ्यांत, चाकांच्या कमानींच्या आतल्या दुमडीत आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर गंजरोधक पातळ तेल मारा किंवा मारून घ्या. ब्रेक डिस्क, पॅड आणि सायलेन्सरला लागू देऊ नका. तेल आठवडाभर ठिबकतं, ड्राइव्हवेवर पुठ्ठा अंथरा. काळं डांबरासारखं जाड कोटिंग मात्र जुन्या गाडीला नको: त्याला चीर पडली की मीठ-पाणी आत अडकतं आणि कोटिंगखाली पत्रा कुजतो, वरून काही दिसत नाही.

तिसरं, खालच्या सस्पेन्शनचे लांब बोल्ट, ज्यांच्यावर व्हील अलाइनमेंट होतं. हे मियाटात हमखास जाम होतात आणि मग ते कापून काढण्यात दिवस आणि बरेच डॉलर जातात. अजून फिरत असतील तर आत्ताच काढून ॲन्टी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणारं ग्रीस लावा, मग अलाइनमेंट करून घ्या. गाडी खाली बसवलेली असेल, मागच्या चाकांना रेसट्रॅकसाठीची मापं दिलेली असतील, तर हिवाळ्यापुरती मूळ मापं परत आणा. आधीच फारसा नसलेला ग्राउंड क्लिअरन्स आणखी कमी केला तर ताज्या बर्फात पोट टेकतं.

इंजिन, बॅटरी, गिअर

कुलंट अर्धं-अर्धं मिसळलेलं असलं की उणे ३७पर्यंत गोठत नाही. स्वस्तातलं टेस्टर घेऊन तपासा. तपासताना रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंग बघा. नवी काळी असते. म्हातारी झाली की तिच्यावर हिरवट-तपकिरी छटा चढते. तो रंग दिसला की रेडिएटर हिवाळ्याआधी बदला, कारण ती टाकी सूचना न देता तडकते.

इंजिन ऑइल ५डब्ल्यू-३०. एनए थंडीत चालू केल्यावर टकटक आवाज करते. ते हायड्रॉलिक लिफ्टर असतात, तेल चढलं की बहुधा गप्प होतात. गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ सिंथेटिक घाला, आणि तरीही सकाळी पहिली काही मिनिटं दुसरा गिअर कुरकुरणार हे धरून चाला. जोर लावू नका. त्याने आतली पितळी सिंक्रो रिंग झिजते. वाटल्यास गरम होईपर्यंत पहिल्यातून थेट तिसरा टाका, इंजिन तेवढं ओढतं.

बॅटरी डिक्कीत उजव्या कोपऱ्यात असते आणि आधीच लहान. उणे १८च्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. बदलायची झाली तर हवा बाहेर नेणाऱ्या नळ्या जोडता येतील अशीच घ्या. डिक्की बंद जागा आहे आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर लावून ठेवा. टोरांटोत इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची गरज पडत नाही, उत्तरेला सडबरीकडे असाल तर लावाच.

मागच्या ब्रेकच्या कॅलिपरचे सरकणारे पिन काढून साफ करा, ग्रीस लावा. हे न करणाऱ्याचं एक मागचं चाक कधी ना कधी धरून बसतं, आणि एकच मागचं चाक ब्रेक लावत असलेली हलकी गाडी बर्फावर कुठे जाईल ते सांगता येत नाही. थंडीत उभी करताना हँडब्रेक ओढू नका, केबल आत गोठते. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, उतार असेल तर चाक कडेकडे वळवून.

टप, काचा आणि उघडमिट दिवे

थंडीत टप उघडायचा नाही. एनएची मागची खिडकी प्लॅस्टिकची, ती थंडीत दुमडली की तडा गेलाच. तिच्यावरचं बर्फ मऊ ब्रशने झाडायचं, स्क्रेपर कधीच नाही. हार्डटॉप, म्हणजे वरून बसवायचा कडक टप, मिळत असेल तर घ्या: वीसेक किलोचा असतो, मागची काच खरी असते, आणि टपावर रात्रभर साचलेल्या बर्फाचं ओझं मिटतं.

दारांच्या काचांना चौकट नाही, त्या थेट टपाच्या रबराला टेकतात. ओल राहिली की काच रबराला चिकटून गोठते आणि दार ओढलं की रबर फाटतं. रबराला सिलिकॉन लावा. पॉवर विंडो असेल तर काच गोठलेली असताना बटण दाबू नका. आतली केबल तुटते.

एनएचे दिवे ही वेगळीच गंमत. गोठणाऱ्या पावसाची रात्र असेल तर दिवे वर करून ठेवा. डॅशबोर्डवर दिवे न लावता फक्त वर उचलण्याचं बटण आहे, ते याचसाठी वापरायचं. झाकणं खाली असताना वर बर्फाचं कवच चढलं तर सकाळी मोटर जोर लावते आणि आतले दाते किंवा फ्यूज जातो. अडकलेच, तर बॉनेट उघडून मोटरवरची गुंडी हाताने फिरवा. रबरी टोपीखाली असते.

आत धुकं साचत असेल तर आधी गालिचा हाताने दाबून बघा. ओला असेल तर भोकांकडे परत जा. हवा बाहेरूनच घ्या. आतलीच हवा फिरवली तर बुटांवरच्या बर्फाची वाफ काचेवर बसते. हीटर मात्र या गाडीचा जोरदार आहे, एवढ्याशा डब्याला तो पाच मिनिटांत भाजून काढतो.

डिक्कीत वजन टाकायचं का

पिकअपवाल्यांची ही सवय आपल्याकडे येते. पण पिकअपचं मागचं टोक रिकामं असतं, मियाटाचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं असतं. डिक्की मागच्या चाकांच्याही मागे आहे. तिथे ७०-८० किलो टाकलेत तर निघताना पकड थोडी वाढते, पण वळणात शेपूट सुटल्यावर तेच वजन तिला आणखी ओढून नेतं, आणि पुढची चाकं हलकी होतात. वीसेक किलो वाळूची एक पिशवी पुरे, तीही शक्य तितकी सीटच्या बाजूला आणि बांधून. अडकल्यावर तीच वाळू चाकाखाली टाकता येते.

त्याहून चांगलं वजन म्हणजे पेट्रोल. टाकी सीटमागे, मागच्या चाकांच्या जरा पुढे, अगदी हव्या त्या जागी आहे. ४५-४८ लिटर भरलं की ३०-३५ किलो होतात. हिवाळाभर अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका. रस्ता बंद होऊन अडकलात तर हीटरही तेवढा वेळ चालेल.

चालवणं

बुटांपासून सुरुवात. मियाटात पॅडल एकमेकांना खेटून आहेत. हिवाळी रुंद बूट ब्रेक दाबताना रेसही दाबतो, आणि हे बर्फावर होणं म्हणजे काय ते सांगायला नको. पातळ तळाचे जोडे गाडीतच ठेवा, बसल्यावर बदला. छपरावरचं, बॉनेटवरचं, दिव्यांवरचं सगळं बर्फ काढा. काचेवरच्या बर्फात नुसतं भोक पाडून निघणाऱ्यांची ब्रेक लावल्यावर छपरावरची लादी पुढे येते.

निघताना दुसरा गिअर, रेस अगदी थोडी, क्लच हळू. चाक फिरायला लागलं तर रेस वाढवायची नाही, कमी करायची. फिरणारं चाक खालचं बर्फ घासून आरसा करून ठेवतं.

गती बदलायची ती एका वेळी एकाच गोष्टीने: ब्रेक लावायचा तर सरळ रेषेत लावा आणि वळणाआधी सोडा. वळायचं तर ब्रेक न लावता वळा. वळण सुटत आल्यावर रेस हळूच वाढवा. वळणात असताना रेस झटकन सोडू नका. सोडली की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, वर इंजिनचा ब्रेक फक्त त्यांनाच लागतो, आणि शेपूट सुटते. या गाडीत घसरण्याचं सगळ्यात मोठं कारण जास्त रेस नसतं, तर घाबरून सोडलेली रेस असतं.

इथे आपल्या एका जुन्या शिकवणीला मुरड घालावी लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आपल्याकडे प्रत्येक ड्रायव्हर शिकतो, आणि खंबाटकीत ते शंभर टक्के खरं आहे. बर्फावर मागच्या चाकांच्या गाडीत खालचा गिअर टाकून क्लच सोडला की मागची चाकं क्षणभर धरली जातात, म्हणजे हँडब्रेक ओढल्यासारखंच. उतारावर वेग आधीच, वरच, कमी करा. गिअर पाडायचाच तर रेसचा हलका ठोका देऊन इंजिनचा वेग जुळवा आणि क्लच हळू सोडा. ते जमत नसेल तर वरचाच गिअर ठेवून पायाच्या ब्रेकने उतरा.

एबीएस असेल तर गरज पडल्यावर पॅडल पूर्ण दाबून धरा, थरथरू द्या. नसेल तर चाक धरलं, म्हणजे फिरायचं थांबून घसरायला लागलं, की ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा दाबा. धरलेलं पुढचं चाक वळत नाही, स्टिअरिंग कितीही फिरवा.

पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. मागचा हॉर्न देईल, देऊ द्या. क्रूझ कंट्रोल असेल तर बंद.

तापमानाकडे लक्ष ठेवा. उणे १५च्या कोरड्या थंडीत दबलेलं बर्फ बरं असतं, करकर आवाज करतं आणि पकड देतं. शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो, आणि तेव्हाच लोक निर्धास्त असतात. साधं मीठ उणे १०-१२च्या खाली फारसं काम करत नाही, त्यामुळे पहाटे काळा दिसणारा रस्ता ओला नसून गोठलेला असू शकतो. पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडत नसतील आणि रस्ता चकाकत असेल, तर तो बर्फ आहे. पूल आणि हायवे ४०१चे उतरणारे रॅम्प आधी गोठतात.

हायवेवर मियाटाला सगळ्यात जास्त त्रास देतो तो दोन लेनमधला चिखलबर्फाचा बांध. हजार-अकराशे किलोच्या आत-बाहेरची गाडी, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर फक्त २,२६५ मिलिमीटर. एका बाजूचं चाक त्या बांधात शिरलं की गाडी झटक्याने ओढली जाते, आणि लांब सेडानपेक्षा पटकन फिरते. लेन बदलायची तर वेग आधी उतरवा, स्टिअरिंग किंचित वळवा, रेस स्थिर ठेवून आरपार जा. मध्येच विचार बदलून परत फिरू नका.

ताजं बर्फ घोट्याच्या वर असेल तर घरी बसा. १०-१२ सेंटिमीटरनंतर ही गाडी नांगर होते, आणि त्यावर कुठलाही टायर उपाय नाही.

डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग, कोणतं आहे ते माहीत करून घ्या. साधं असेल तर एकच चाक फिरतं: गाडी अडकते लवकर, पण निदान सरळ उभी राहते. एलएसडी, म्हणजे एकाच चाकाला एकटं फिरू न देणारं डिफरन्शियल असेल, १.६ इंजिनवाल्या काहींत व्हिस्कस, १९९४नंतरच्या काहींत टॉर्सन, तर दोन्ही चाकं ढकलतात. चढ चढायला उत्तम, पण रेस जास्त झाली की दोन्ही एकदम फिरतात आणि मागचा भाग आडवा जातो.

घसरली तर

मागचा भाग सुटला: क्लच दाबा, ब्रेकवर पाय नको, जिथे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग तिकडेच वळवा. खांबाकडे बघाल तर खांबावरच जाल. हात तिकडेच जातात जिकडे डोळे असतात. इथपर्यंत बहुतेकांना जमतं. चुकतं ते पुढचं: शेपूट परत यायला लागली की त्याच क्षणी स्टिअरिंगही सरळ करायला हवं. उशीर झाला तर गाडी सरळ होऊन थांबत नाही, दुसऱ्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात जाते. गाडीचं नाक ज्या वेगाने परत येतंय त्याच वेगाने हात परत आणा. मियाटाचं स्टिअरिंग झटपट आहे, म्हणून थोडंसंच लागतं.

पुढची चाकं सुटली, म्हणजे वळवलं तरी गाडी सरळच चालली: आणखी वळवू नका. रेस हळूच कमी करा, स्टिअरिंग किंचित सरळ करा, पकड परत येईपर्यंत थांबा. तो अर्धा सेकंद फार लांब वाटतो.

सराव कुठे करायचा

"रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन गोल-गोल फिरव" हा सल्ला ऐकू नका. ओंटारियोत मुद्दाम चाकं घसरवत वळणं स्टंट ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. जागेवर ३० दिवस लायसन्स आणि १४ दिवस गाडी जाते, आणि मग विम्याचा हप्ता काय होतो ते विचारू नका. शिवाय बर्फाखाली पार्किंगचे सिमेंटचे ठोकळे लपलेले असतात. एखाद्या विंटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक दिवस घालवा. प्रशिक्षक शेजारी बसतो, मोकळं मैदान असतं, आणि वर सांगितलेलं स्टिअरिंग परत आणणं हातात बसेपर्यंत करून घेतात. ते वाचून येत नाही. तिथे आपल्याच गाडीने, आपल्याच हिवाळी टायरवर जा.

रोजच्या रस्त्यावर एवढंच करा: मागे कोणी नसताना, सरळ रस्त्यावर, ३०च्या वेगात हलकेच ब्रेक दाबून बघा. आज पकड किती आहे ते दोन सेकंदांत कळतं. दर वेळी निघाल्यावर करा.

अडकलात तर

गाडीत फावडं, वाळू, जाड हातमोजे, ब्लँकेट, टॉर्च आणि उणे ४०चं वॉशर फ्लुइड असावं. रेस देऊन चाक फिरवत बसू नका. उतरून चाकांसमोरचं आणि पोटाखालचं बर्फ काढा. मियाटा बहुधा पोटावर टेकून अडकते, मग चाकं हवेत असल्यासारखी फिरतात. वाळू टाका, दुसऱ्या गिअरमध्ये पुढे-मागे हलकेच झुलवा. एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून रेस द्या: फिरणाऱ्या चाकाला रोध मिळाला की थोडी ताकद दुसऱ्याकडे जाते. टॉर्सन असेल तर ही युक्ती विशेष लागू पडते. गाडीत बसून वाट बघायची असेल तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो.

हिवाळाभर आणि नंतर

पारा शून्याच्या वर गेला की गाडी खालून धुवा. दर आठवड्याला जमलं तर उत्तम. चाकांच्या कमानी, सिलच्या खालच्या कडा आणि मागच्या चाकांपुढची ती जागा जास्त वेळ. उणे १०मध्ये धुतलीत तर दारं गोठतील, आणि तशा थंडीत मीठ फारसं खातही नाही. ते खातं शून्याच्या वरच्या ओलीत. म्हणूनच मिठाने माखलेली गाडी गरम गॅरेजमध्ये नेऊन ठेवू नका. थंड गॅरेज किंवा उघडा ड्राइव्हवे तिला बरा.

एप्रिलमध्ये तापमान ७च्या वर टिकायला लागलं की टायर बदला, आणि चाकं काढलीच आहेत तर ब्रेकच्या नळ्यांवरून बोट फिरवून बघा. खवले हाताला लागले तर त्या उन्हाळ्यातच बदलून घ्या. भोकांत पुन्हा पाणी ओता: हिवाळ्यात टपाचा भुगा नव्याने साचलेला असतो. सिलवर नवा फोड आला असेल तर त्याचा फोटो काढून तारीख लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात ही गाडी काढायची की नाही हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.